बटण आपणच दाबायचं

आष्टीतून आम्ही बचत गटातल्या सातजणी बोलतोय. गेला महिनाभर रात्रीची भांडी उरकली की आम्ही एकीच्या ओसरीवर बसतो आणि शिकाऊ लायसनच्या परीक्षेचा अभ्यास करतो. स्क्रीनवर प्रश्न येतो, खाली उत्तरं असतात, त्यातलं बरोबर निवडायचं. साठ टक्के बरोबर आले की पास.

महाराष्ट्रात जून 2021 पासून ही परीक्षा आधार कार्डावर घरबसल्या देता येते. सोय मोठीच झाली. बीडला जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो. पण या सोयीत एक खोट निघाली. आमच्यातल्या एकीला दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला डोकं शिणवता? ओळखीचा माणूस देतो परीक्षा. तुम्ही फक्त ओटीपी सांगा." लायसन आलं. आठ दिवसांनी ती एकटीच स्कूटी घेऊन अरुंद उतारावरून निघाली. समोरून उसाची भरली ट्रॉली चढत होती. थांबायचं कुणी? तिला ठाऊकच नव्हतं. वाचली, पण गुडघ्याला टाके पडले. अशा रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, आणि तिच्या नावावर झालेल्या परीक्षेत असलेच प्रश्न असतात! आता ओसरीवर सगळ्यांच्या आधी तीच येऊन बसते.

आमची पहिली अडचण अभ्यासाची नव्हतीच. तिघींच्या आधारला नवऱ्याचा मोबाइल नंबर जोडलेला. एकीचे मालक ऊसतोडीला गेलेले, ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार, आणि फडात रेंज नाही. म्हणून आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घेतला. बायांनो, हे काम पहिलं करा.

मग खुणा. त्या पाठ करत बसू नका, आकार बघा. त्रिकोण सावध करतो. लाल कडेचा गोल बहुतेक मनाई सांगतो. निळा गोल म्हणजे असंच करायचं, निळा चौकोन माहिती देतो. आमचा घोळ झाला तो रेल्वेच्या खुणांत. त्रिकोणात फाटक असेल तर राखणदार असलेलं क्रॉसिंग, इंजिन असेल तर बिनराखणीचं. सप्टेंबर 2022 मध्ये आष्टी-नगर गाडी सुरू झाली, तोवर आपल्याला रुळांची सवयच कुठं होती?

लुकलुकणारा लाल दिवा दिसला तर थांबायचं, बघायचं, मगच निघायचं. लुकलुकता पिवळा असेल तर वेग कमी करून जपून जायचं. यावर आमचं तासभर भांडण झालं, ते जाऊ द्या.

पास झालं म्हणजे एकटीनं हिंडायची परवानगी मिळाली असं नाही. गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा, आणि शिकवायला पक्कं लायसन असलेलं माणूस सोबत हवं. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी अर्ज करता येतो. त्या वेळी मात्र निरीक्षकांसमोर गाडी चालवून दाखवावी लागते, तिथं दीर कामाला येत नाहीत.

परवा आमच्यातली पहिली परीक्षेला बसली. शेजारून पोरगा उत्तर सांगायला लागला, तर तिनं त्याला उठवून बाहेर पाठवलं. नापास झाली. आता पन्नास रुपये भरून पुन्हा बसणार आहे. आज रात्री ओसरीवर तिच्यासाठी परत रेल्वेच्याच खुणा काढल्यात.