पाणी चढतंय का उतरतंय?



मृगाचा पहिला दणका बसला की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत माझा फोन वाजायला लागतो. "साहेब, ओढ्याला मासे चढलेत. जाऊ का?" विचारणारा बहुतेक वेळा जाळं खांद्यावर टाकूनच बोलत असतो, मागे पाण्याचा आवाज येत असतो. त्याला 'जाऊ नका' म्हणण्यात अर्थ नसतो. मी उलट विचारतो, "पाणी चढतंय का उतरतंय?" पलीकडे थोडा वेळ शांतता. तेवढं कुणी बघितलेलंच नसतं.

कोकणात आणि मावळात या दिवसांना वलगण म्हणतात. आपल्याकडे सरळ 'चढणीचे मासे' किंवा 'नव्या पाण्याचे मासे'. काल कोरडं ठणठणीत असलेलं वावर, आज त्यात घोटाभर पाणी आणि पाण्यात बोटाएवढी खवली वळवळतेय, हे दृश्य बघून जुनी माणसं सांगायची की मासे आभाळातून पडले. पडलेले नसतात, चढून आलेले असतात. उन्हाळाभर सिंदफणेच्या, मांजरेच्या डोहात, बंधाऱ्याच्या बुडाशी, धरणाच्या पोटात जे काही पाणी उरतं त्यात मासा दम धरून बसतो. मरळीच्या जातीतले काही मासे तर नुसत्या ओल्या चिखलातही तग धरतात, कारण त्यांना वरची हवा घेता येते. वरून वाहत आलेलं नवं पाणी त्या डोहाला मिळालं की पाणी गार होतं, त्याला ओढ येते, मातीचा वास येतो. मासा तोंड फिरवतो आणि प्रवाहाच्या उलटा निघतो. त्याला हवं असतं नुकतंच बुडालेलं उथळ गवत. तिथे अंडी अडकून राहतात, पिल्लांना खायला बारीक जीव मिळतात आणि पिल्लं खाणारे मोठे मासे अजून पोचलेले नसतात.

आता वेळेचं बोलू. पंचांगावर मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला. पण मासा पंचांग वाचत नाही. आपल्या बीड जिल्ह्यात रोहिणीचा, कधी कधी मृगाचाही पाऊस काळ्या रानातल्या भेगाच पिऊन टाकतात. शेतात चिखल होतो, ओढा मात्र कोरडाच. पाऊस पडणं वेगळं आणि पाणी येणं वेगळं. वगळीचं पाणी ओढ्याला, ओढ्याचं नदीला, अशी पाण्याची अखंड वाट तयार झाली तरच मासा चढतो. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावला ही वाट लवकर जुळते. आष्टी-पाटोद्याकडच्या बालाघाटाच्या माथ्यावर नद्या उगम पावतात, पण तिथे पाऊसही कमी आणि पाणी उतारावरून निघून जातं. तिकडचा चढ दोन-चार तासांचा खेळ असतो. काही वर्षी तर तो होतच नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच पावसाळ्याच्या शेवटी धरणात पाणी आलं खरं, पण कोरड्या तळातून चढायला मासा कुठला? बीज बाहेरून आणून सोडावं लागतं, तेव्हा कुठे पुढच्या वर्षांची चढण उभी राहते.

पाणी वाढायला लागल्यापासून पहिली रात्र आणि त्यानंतरची पहाट, हा चढण्याचा जोर. पाणी गढूळ, आभाळ झाकलेलं, मधूनच सर. पाऊस थांबून पाणी नितळायला लागलं की जोर ओसरतो आणि मासा परतीला लागतो. हा परतीचा काळ लोक वाया घालवतात. मला विचाराल तर आपण जाळं टाकायला जायचं ते याच वेळी.

कारण साधं आहे. चढणारी मादी पोटभर गाभोळी घेऊन चाललेली असते. एक किलोची रोहूची मादी दोन लाखांच्या आसपास अंडी बाळगते. तिला चढताना धरलं तर आपल्या कालवणात किलोभर मासा आला आणि दोन लाख अंडी चुलीत गेली. तीच मादी दुसऱ्या दिवशी उतरताना धरली, तर मासा आपला आणि अंडी पाण्याची. पाणी ऊबदार असेल तर ती अंडी पंधरा ते अठरा तासांत फुटतात. म्हणजे एक रात्र. एवढीच कळ काढायची आहे. उतरलेला मासा थोडा रोड असतो, चवीला जरा कमी, हे खरं. गाभोळी आवडणाऱ्यांना माझं म्हणणं पटणार नाही, हेही मला माहीत आहे. आमच्या घरातच पटत नाही.

चढतीला मासा जाळ्यात आलाच, तर नर आणि मादी ओळखायला शिका. रोहू, कटला, मृगळ यांच्या कल्ल्यामागे दोन्ही बाजूंना जो पर असतो त्याच्या वरच्या बाजूवरून अंगठा फिरवा. या दिवसांत नराचा पर बारीक खरवडीसारखा खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. मादीचं पोट दोन्हीकडून फुगलेलं, मऊ. खालचं भोक लालसर सुजलेलं. नराचं पोट हळूच दाबलं तर दुधासारखा थेंब येतो. नर ठेवा, मादी सोडा. सोडायची ती लांबून फेकून नाही. ओल्या हाताने धरायची, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात टेकवायची, ती स्वतः शेपूट मारून निघाली की हात काढायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेकडचे मासे. आपल्या धरणांत ते दिसतात ते सोडलेल्या बीजामुळे. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात हे मासे अंडी घालत नाहीत, त्यांना पुराची ओढ लागते. डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलीकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातींना तळ्यात अंडी घालायला लावलं. म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होतं. आधी मत्स्यजिरे, खरंच जिऱ्याएवढे. मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. ही बोटुकली याच पावसाळ्याच्या दिवसांत तलावांत सोडली जाते. त्यामुळे कुणी मच्छरदाणीचं कापड किंवा जुनी साडी लावून पाणी गाळायला लागला की तो पुढच्या वर्षीचं ताट आज उपडं करतो. तलाव बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांच्या ठेक्यावर असतात. त्या ठेक्याच्या अटींत मासेमारी केव्हा बंद ठेवायची तेही लिहिलेलं असतं. संस्थेला विचारल्याशिवाय तलावात उतरू नका.

जाळ्याबद्दल थोडं. फेकजाळं घेत असाल तर आस दीड-दोन इंचांपेक्षा बारीक नको. लहान मासा निसटू द्या. खवलीसारख्या मुळातच लहान जातीसाठी दांड्याची हातजाळी पुरते, आणि ती काठावर उभं राहून वापरता येते. ओढ्यात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाळं आडवं बांधू नका, निदान तिसरा हिस्सा वाट मोकळी हवी. फेकजाळं गढूळ पाण्यात टाकताना माशाच्या अंगावर न टाकता थोडं वरच्या अंगाला टाकावं, म्हणजे शिशाचे मणी तळाला बसेपर्यंत प्रवाह ते जाळं योग्य जागी आणून ठेवतो. मग घाई करायची नाही. मणी तळ खरवडत येतायत हे दोरातून हाताला कळलं पाहिजे. मणी उचलले की खालून सगळं निसटलं.

राक्षसभुवनजवळ गोदावरीकाठी एका म्हाताऱ्या भोयाला जाळं टाकताना मी बराच वेळ बघत उभा होतो. प्रत्येक फेकीआधी तो डाव्या मनगटातला दोराचा फास बोटाने सैल करायचा, फेकायचा, पुन्हा सैल करायचा. मी विचारलं, "बाबा, सवय का?" तो म्हणाला, "सवय न्हाई. भाऊ गेला." बाभळीच्या बुडख्यात जाळं अडकलं, पाणी वाढलं आणि फास मनगटात आवळला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: दोराला अशी गाठ मारा की एका झटक्यात हात सुटेल. जाळं गेलं तर दुसरं विणता येतं.

गोदावरीच्या बाबतीत आणखी एक. आपल्याकडे लख्ख ऊन पडलेलं असतं आणि नदी फुगते, कारण पाऊस नाशकात झालेला असतो आणि पैठणहून नाथसागराचं पाणी सोडलेलं असतं. पाणी सोडण्याची सूचना रेडिओवर, गावात दवंडीनं, मोबाइलवर येते. ती ऐकल्यावर नदीच्या पात्रात पाऊल टाकू नका, मासे कितीही दिसोत. तसंच सांडव्याखाली आणि कोल्हापुरी बंधाऱ्याच्या भिंतीखाली. वर चढायला वाट नसल्यामुळे मासा तिथे थव्याने आपटत असतो, त्याला बघून माणसाला राहवत नाही. पण भिंतीखालचं पाणी आतल्या आत गोल फिरतं, बुडालेल्या माणसाला वर येऊ देत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे हतबल होतो.

आणि वीज. मराठवाड्यात पहिले पाऊस विजा घेऊनच येतात. ओल्या अंगाने, पाण्यात उभं राहून हातात लांब दांडा धरणारा माणूस म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनवर घ्या, ते आसपास वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं. गडगडाट ऐकू आला की काठ सोडा, बाभळीखाली थांबू नका. ज्यांना तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडायची खोड आहे, विहिरीच्या कामाचं जिलेटिन डोहात टाकायची खोड आहे, त्यांच्यासाठी एवढंच: स्फोटकं आणि विष घालून मासे मारणं १८९७ सालच्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, आणि करंटची तर तुमच्या गावात एखादी गोष्ट तुम्हालाच माहीत असेल.

मरळीचं वेगळं सांगतो, कारण ती मला सगळ्यांत प्रिय आहे. निजामाच्या राज्याची जुनी नाळ म्हणा, मृग लागला की दम्याचं औषध भरलेलं जिवंत मरळीचं पिल्लू गिळायला मराठवाड्यातली माणसं अजून हैदराबादला जातात. त्याने दमा जातो याला डॉक्टर पुरावा मानत नाहीत, मीही मानत नाही. पण मरळ आईबाप म्हणून कशी वागते ते बघायला लांब जायला नको. जुलैत एखाद्या शांत तळ्याच्या काठाला, शेवाळाशेजारी, पाण्याच्या वरच्या थरात तांबूस-केशरी गोळा हलताना दिसतो. वाटीएवढा, कधी ताटाएवढा. ती शेकडो पिल्लं. गोळ्याखाली मोठी मरळ फिरत असते, मध्येच हवा घ्यायला वर येते तेव्हा पाणी 'बुळुक' करतं. पिल्लांजवळ काहीही हललं तरी ती झेप घेते, म्हणून गळाला लगेच लागते. काही लोक याचाच फायदा घेतात. ती मरळ निघाली की अर्ध्या तासात इतर मासे तो गोळा फस्त करतात. केशरी गोळा दिसला तर गळ पिशवीत ठेवा, एवढी माझी विनंती आहे.

मन मारायला जमत नसेल तर चिलापी धरा. १९५२ साली भारतात आणलेला हा मासा चढणीची वाट बघत नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण करते आणि बाकीच्यांचं अन्न खाते. तिच्याबाबत माझा कसलाही निर्बंध नाही, पाहिजे तेवढ्या धरा. येसर घालून केलेलं चिलापीचं कालवण आणि बाजरीची भाकरी यात गाभोळीची आठवण येत नाही, असं मला वाटतं.

पहिल्या पाण्यासोबत मेलेले, पोट वर करून वाहत आलेले मासे मात्र उचलू नका. कापसाच्या रानातलं औषध, गावाची गटारं, सगळं त्या पहिल्या लोंढ्यात असतं. मांजरानेही खाऊ नयेत असे ते मासे.

अशी वेडी चढण जगात इतरत्रही होते. अमेरिकेत मिशिगनकडे स्मेल्ट नावाचा बोटभर रुपेरी मासा आहे. १९१२ साली तिथल्या क्रिस्टल लेकमध्ये बाहेरून आणून सोडलेला तो पुढे मोठ्या सरोवरांत पसरला. एप्रिलच्या आसपास बर्फ वितळला की तो रात्री ओढ्यांच्या तोंडाशी गर्दी करतो, आणि माणसं दिवे, गमबूट, लांब दांड्याच्या जाळ्या घेऊन काठावर जमतात. तिथला माणूस पाण्यात थर्मामीटर बुडवून वेळ ठरवतो. आपलं काम त्याहून सोपं आहे. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि पाणी जिथे असेल तिथे सुरीने खूण करा. सकाळी खूण बुडालेली असेल तर पाणी चढतंय: घरी जा, चहा घ्या. खूण वर उघडी पडली असेल आणि पाणी नितळत असेल तर जाळं काढा.

एक काम करा. तुमच्या ओढ्याला पाणी कधी चढलं, कधी उतरलं, त्या दिवशी काय मिळालं, हे घरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवा. चार-पाच पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की पहाटे मला फोन करायची गरज उरणार नाही.