भुकटी आधी तापवा

ॲल्युमिनियमच्या रसात सिलिकॉन कार्बाइडचे दाणे कशासाठी मिसळतात, हे आपल्या कोल्हापूर भागातल्या फौंड्रीवाल्यांना मी सांगायला नको. धातू हलकाच राहतो, पण झिजतो कमी. दाणे 20 टक्क्यांपर्यंत नेले तर ताठपणा 70 गिगापास्कलवरून 100च्या घरात जातो. टोयोटानं 1983 साली डिझेल पिस्टनमध्ये सिरॅमिकचे तंतू घातले, ते झीज रोखण्यासाठीच. आपले धातुशास्त्रज्ञ प्रदीप रोहतगी तर 1960च्या दशकातच अमेरिकेत ॲल्युमिनियममध्ये ग्रॅफाइट मिसळत होते.

मला मिनिटं मोजकी आहेत, म्हणून एकच सांगतो. भुकटी रसात टाकण्याआधी तापवून घ्या.

आपल्याकडे पेरून पिठलं करतात. फोडणीच्या पाण्याला उकळी आली की एका हातानं पळी फिरवायची, दुसऱ्या हातानं बेसन पेरायचं. घाईनं ओतलं की गुठळ्या. बेसनाला ओल लागलेली असेल, तर गुठळ्या डब्यातूनच आलेल्या असतात. मग कितीही ढवळा. मुशीतही तेच. रसात भोवरा करायचा, त्यात भुकटी पेरत जायची. फरक एवढाच की पाणी बेसनाला भिजवतं, ॲल्युमिनियमचा रस कार्बाइडला सहजी भिजवत नाही. रसावर ऑक्साइडची साय असते. दाणा वरच राहतो, नाहीतर हवा अंगाला घेऊन आत शिरतो. पिठल्याची पळी थांबली तर निदान खायला काहीतरी उरतं. इथे ढवळणं थांबलं की रसापेक्षा जड असलेले दाणे तळाशी बसतात.

हुपरीच्या चांदी कारागिरांनो, डाख नीट पसरत नाही तेव्हा तुम्ही टाकणखार लावता. दुखणं तेच. इथे सुमारे एक टक्का मॅग्नेशियम मदतीला येतं. आणि भुकटी हजार अंशांच्या आसपास तापवली की ओल निघून जाते, दाण्यावर सिलिकेचा पातळ थर येतो, त्याला रस धरतो. म्हणून म्हणतो, तापवा.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण तुकडा घेऊन आला. "सर, कठीणपणा वाढलाय." वाढला होता खरा. कापून पाहिलं तर आत जाळी. भुकटी तापवली होती का, विचारलं. "उन्हात ठेवली होती." बाळा, ऊन पुरत नाही! जूननंतर आपल्या हवेत गोणीतली भुकटी कोरडी दिसते, कोरडी नसते.

ही ओल करते काय? चांदीचं तुम्ही पाहिलेलंच आहे. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या वीसेक पट ऑक्सिजन पोटात घेते आणि गोठताना बाहेर फेकते. पृष्ठभागावर फोड येतात, थेंब उडतात. रसावर कोळसा पसरणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. ॲल्युमिनियमचं असंच हायड्रोजनशी. गरम रस पाण्यातला ऑक्सिजन स्वतःकडे ओढतो आणि हायड्रोजन रसात विरघळतो. गोठल्यावर त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढाच आत मावतो. उरलेल्याची भोकं होतात.

रस मात्र फार तापवू नका. कार्बाइड आणि ॲल्युमिनियम यांच्यात ठिसूळ संयुग तयार होतं, ते पुढे दमटपणात फुटतं. ते टाळायला मिश्रधातूत आठ-नऊ टक्के सिलिकॉन असलेला बरा. दाब देऊन ओतण्याच्या पद्धतीबद्दलही बोलायचं होतं, आणि चांदीच्या कंपोझिटबद्दलही. विजेच्या कॉन्टॅक्टरमध्ये चांदीत कथिलाच्या ऑक्साइडचे दाणे असतात, हुपरीनं त्यात लक्ष घालावं असं मला फार वाटतं, पण समोरून खूण झाली आहे.

एवढं तरी करून बघा. हुपरीत चांगला काटा शोधावा लागत नाही. तुकडा आधी हवेत तोला, मग दोरीला बांधून पाण्यात बुडवून तोला. हवेतल्या वजनाला दोन वजनांतल्या फरकानं भागा, घनता मिळाली. ॲल्युमिनियमची 2.7, कार्बाइडची 3.2, आकारमानानं दहा टक्के दाणे असतील तर 2.75 यायला हवी. 2.62 आली, तर तुकड्यात जवळजवळ पाच टक्के नुसती पोकळी आहे. तो तुकडा गिऱ्हाइकाकडे पाठवू नका. भुकटी भट्टीत ठेवा, आणि पुन्हा ओता.