कापलेला प्राप्तिकर परत केव्हा मिळतो?

बारा लाख रुपयांपर्यंत प्राप्तिकर नाही, ही वार्ता २०२५ च्या फेब्रुवारीत अर्थसंकल्पाबरोबर आली आणि निवृत्त मंडळींत तिने मोठाच आनंद पसरविला. तो अनाठायी नव्हता. परंतु त्यातूनच असा समज रूढ झाला की, कर नाही त्याअर्थी विवरणपत्रही भरावयास नको. हा समज महाग पडण्याजोगा आहे.

कायद्याचे म्हणणे जरा निराळे आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत करमुक्त मर्यादा चार लाखांचीच आहे. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १० टक्के, आणि असे चढत जाऊन चोवीस लाखांपुढे ३० टक्के, हे दर होत. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरही कर आधी मोजला जातो. मग साठ हजारांपर्यंतच्या सवलतीने तो शून्यावर येतो. नोकरदार व निवृत्तिवेतनधारक यांना पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट असल्यामुळे त्यांची रेषा पावणेतेरा लाखांवर जाते. भांडवली नफ्यासारख्या, खास दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला मात्र ही सवलत नाही. तात्पर्य, उत्पन्न चार लाखांवर गेले की विवरणपत्र भरणे आले, मग अखेरीस एक पैसाही कर निघो वा न निघो.

बेळगावातील एखाद्या निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण कल्पावे. वय साठीच्या पुढचे, २०२५-२६ चे निवृत्तिवेतन सहा लाख, मुदतठेवींचे व्याज एक लाख ऐंशी हजार. ज्येष्ठ नागरिकांचे व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेले की बँकेला कर कापावा लागतो. म्हणून बँकेने १० टक्क्यांनी अठरा हजार रुपये कापून सरकारजमा केले. वर्षारंभीच स्वयंघोषणेचा अर्ज बँकेत दिला असता तर ही कपात टळती, पण तो अर्ज बहुतेकांना आठवतो तो मार्च महिन्यात! बाईंचा कर हिशेबाने १५,२५० रुपये आणि सवलतीनंतर शून्य होतो. अर्थात अठरा हजार सर्वस्वी त्यांचे. तथापि ते मागितल्याखेरीज मिळत नाहीत, आणि मागण्याचा अर्ज म्हणजेच विवरणपत्र.

परताव्याचे घड्याळ विवरणपत्र भरल्याने सुरू होत नाही, पडताळणीने सुरू होते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आधारशी जोडलेल्या दूरध्वनीवर आलेल्या संकेतांकाने ही पडताळणी तीस दिवसांच्या आत करावयाची असते. ती उशिरा झाली, तर विवरणपत्रच त्या उशिराच्या दिवशी भरले असे धरले जाते. मग ते बंगळूरच्या प्रक्रिया केंद्रात जाते. बेळगाव, इंदूर, बडोदे सर्वांची वाट एकच. तेथे बँकेने कळविलेली कपात आणि बाईंनी दाखविलेली कपात ताडून पाहतात. दोहोंत तफावत असली, बँकखाते आधी प्रमाणित केलेले नसले किंवा पॅन निष्क्रिय असला, की पैसा अडतो. जुनी थकबाकी असल्यास आधी सूचना देऊन ती त्यातून वळती करून घेता येते. सरळ प्रकरणांचा निकाल पुष्कळदा काही आठवड्यांत लागतो. परंतु कायद्याने खात्याला दिलेली मुदत, विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले ते संपल्यानंतर नऊ महिन्यांची आहे. जुलै २०२६ मध्ये भरलेल्याची मर्यादा त्यामुळे ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत पोचते.

या विलंबावर सरकार व्याज देते, दरमहा अर्धा टक्का. बाईंच्या अठरा हजारांवर महिन्याला नव्वद रुपये. विवरणपत्र वेळेत असेल तर ही मोजणी १ एप्रिलपासून होते. उशिराचे असेल तर भरल्या दिवसापासून. हे व्याजही पुढील वर्षी उत्पन्नात दाखवावे लागते, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

बाईंसारख्यांची वेळेची मुदत एरवी ३१ जुलै असते. २०२५ साली ती वाढून १६ सप्टेंबरपर्यंत गेली, म्हणून दरवर्षी वाढेल अशा भरवशावर राहणे बरे नव्हे. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. पण करपात्र उत्पन्न पाच लाखांवर असल्यामुळे पाच हजार रुपये विलंबशुल्क पडते, कर शून्य असला तरी. अठरांचे तेरा हजार होतात ते असे.

१९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या प्राप्तिकर कायदा २०२५ च्या पहिल्या मसुद्यात तर उशिरा भरणाऱ्याला परतावाच नाकारण्याची तरतूद होती. संसदेच्या प्रवर समितीने ती वगळण्याची शिफारस केली आणि अंतिम कायद्यात ती राहिली नाही. नव्या कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू.

डिसेंबरही टळला, तर चुका सुधारण्यासाठी असलेले अद्ययावत विवरणपत्र येथे कामास येत नाही, कारण त्यातून परतावा मागता येत नाही. मग विलंब माफ करावा असा अर्ज वरिष्ठ प्राप्तिकर अधिकाऱ्यांकडे करावा लागतो. आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो स्वीकारतात, आणि विलंबाचे सबळ कारण त्यात कागदोपत्री दाखवावे लागते.