लष्करातून आलेली जिप्सी: ओळख आणि किंमत

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला नाहीतर हैदराबादला. जुन्या गाड्यांच्या बाजारात एक वाक्य हमखास कानावर पडतं. "साहेब, आर्मीच्या लिलावातली गाडी आहे, एकदम कडक." एवढ्या वाक्यावर किंमत वर जाते. म्हणून आज दोन प्रश्न घेऊ. गाडी खरंच लष्करातली आहे का? आणि असली, तर तिचे किती पैसे द्यायचे? उदाहरण मारुती जिप्सीचं घेऊ, कारण जास्त करून तीच समोर येते.

सुरुवात रंगापासून. विकणारा हिरव्या रंगाकडे बोट दाखवतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 121 वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणजे हा रंग पुरावा तर नाहीच, उलट तुमच्या डोक्याला ताप आहे. रंग बदलायचा खर्च आत्ताच मनात धरा. बाणाची नंबरप्लेट, जेरीकॅनचा स्टँड, मागचा टोइंग हुक, झाकणाचा छोटा दिवा, हे सगळं बाजारात मिळतं आणि कुठल्याही जिप्सीला बसतं.

मग खरी खूण कुठली? कागद. लष्कराच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली वेगळी होते, आरटीओत नाही. लिलावानंतर गाडी पहिल्यांदा आरटीओत येते. त्यासाठी संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यानं दिलेलं फॉर्म 21, म्हणजे विक्रीचा दाखला लागतो. त्यामुळे आरसी बुकात दोन तारखा बघा: बनावटीचं साल आणि नोंदणीची तारीख. लष्करातून आलेल्या गाडीत या दोन्हींमध्ये बऱ्याच वर्षांचं अंतर असतं. गाडी 2001 ची आणि नोंदणीही 2001 ची असेल, तर ती लष्करात राबली हे मानू नका.

आरसीच नसेल आणि फक्त लिलावाची पावती दाखवत असतील तर? थांबा. पावतीवर गाडी वापरासाठी विकली की भंगार म्हणून, ते वाचा. भंगार म्हणून विकलेली गाडी रस्त्यावर आणायची आशा धरू नका. दुसरं, पैसे देण्याआधी स्वतःच्या आरटीओत कागद घेऊन जा आणि नोंदणी होईल का, कर किती बसेल, ते विचारा. राज्याराज्यात कर वेगळा आणि जुन्या गाड्यांबद्दलची भूमिकाही वेगळी. "आमच्याकडे होतं" हे विकणाऱ्याचं बोलणं तुमच्या राज्यात चालेलच असं नाही.

कागद पटले की गाडीखाली जा. चासीवर कोरलेला नंबर दाखल्यावरच्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. नंबराभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबरही जुळवा. जुन्या जिप्सीचं इंजिन 970 सीसीचं, 1996 नंतरच्या जिप्सी किंगचं 1298 सीसीचं. जुन्या गाडीत मोठं इंजिन बसवलेलं सापडतं. ते आरसीवर चढवलंय का, ते पाहा.

जिप्सीला पुढेमागे पाटे आहेत. पाटे जिथे चासीला धरतात, तिथे हातोडीनं हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत गंज आहे. पायाखालचं मॅट उचलून पत्रा बघा. पुढचं चाक जॅकवर घेऊन वरखाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग नाहीतर किंगपिन गेलंय. फोर व्हील ड्राइव्हची चाचणी मातीवर करा, डांबरावर नाही. हाय आणि लो दोन्ही टाकून पाहा आणि पुढची चाकं खरंच ओढतात का, ते बाहेरून कुणाला तरी बघायला सांगा. आणि कमी किलोमीटरवर भाळू नका. लष्करात गाडी उभी राहूनही इंजिन तासन्‌तास चालू असू शकतं.

आता किंमत. ती वरून खाली काढायची. आपल्याच राज्यात त्याच सालची, चांगल्या स्थितीतली, नोंदणी असलेली साधी जिप्सी कितीला जाते, ते धरा. समजा साडेचार लाख. त्यातून दुरुस्ती आणि रंग 1,20,000, नोंदणी आणि कर 40,000, गाडी आणायचा खर्च 20,000, आणि न दिसणाऱ्या दुखण्यांसाठी 45,000 वजा करा. उरले 2,25,000. त्याच्या वर जायचं नाही. हे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमचे तुम्ही भरा.

हाच हिशेब जबलपूरच्या कारखान्यातल्या जोंगाला लावताना एक गोष्ट जास्त धरा. तिचं जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन तेल पितं आणि सुटे भाग शोधत फिरावं लागतं.

लष्कराचं नाव लागलं म्हणून जास्त पैसे द्यायचे का? फॉर्म 21 आणि जुळणारे नंबर हातात असतील तर हौसेपुरते थोडे द्या. नसतील तर एक रुपयाही नको. नोंदणी न होणारी गाडी कितीही कडक असली, तरी ती अंगणात उभं केलेलं लोखंड. टोकन देण्याआधी दाखल्याचा फोटो मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी भावाची बोलणीच करू नका.