राळा : जुने धान्य आणि नवे शास्त्र

(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवानंतर एखाद्या शास्त्रीय विषयावर चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषयाची निवड आमच्यावर सोपविली होती. आम्ही मुद्दाम एक अगदी लहान दाणा निवडला आहे, तो म्हणजे राळा. भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीबरोबर राळ्याचा भात ज्यांच्या घरी होतो अशी कुटुंबे या सभेत असतील. परंतु तो राळा आता बहुधा वाण्याच्या दुकानातून येतो. घरच्या शेतातून येणे दुर्मिळ झाले आहे. इकडे असे घडत असता जगातील नामांकित प्रयोगशाळांनी याच दाण्याला आपल्या संशोधनात मानाचे स्थान दिले आहे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय, हे आज सांगावयाचे आहे.

राळ्याचे कुळ फार प्राचीन आहे. उत्तर चीनमध्ये आठ हजार वर्षांहून अधिक काळ त्याची लागवड होत आली असून, हिरवा राळा या नावाने ओळखता येईल असे एक रानगवत हा त्याचा मूळ पुरुष होय. यजुर्वेदातील धान्यांच्या नामावळीत ‘प्रियंगु’ येतो; तो राळाच, असे अभ्यासक मानतात. आपले शेजारी कानडी लोक त्याला नवणे म्हणतात व तेलुगू लोक कोर्रा म्हणतात. थोड्या पावसावर आणि हलक्या जमिनीत येणारे हे पीक आहे.

शास्त्रज्ञांची दृष्टी त्याच्याकडे का वळली? सजीवाच्या प्रत्येक पेशीत त्याच्या वंशाची पोथी असते. राळ्याची पोथी सुमारे ४९ कोटी अक्षरांची आहे. बाजरीची सुमारे १७९ कोटी, तर गव्हाची १,६०० कोटींच्या घरात जाते. म्हणजे राळ्याची पोथी आटोपशीर. शिवाय ऊन व पाणी काटकसरीने वापरून अन्न तयार करण्याची जी विशेष रीत मका, ज्वारी, बाजरी आणि ऊस यांच्या अंगी आहे, तीच राळ्याच्याही अंगी आहे. त्यामुळे राळ्यापासून जे शिकावे ते या मोठ्या भावंडांच्याही उपयोगी पडण्यासारखे असते. २०१२ साली चीन व अमेरिका येथील दोन संशोधकगटांनी ही पोथी वाचून प्रसिद्ध केली.

तथापि पोथी वाचता आली म्हणजे अर्थ कळला असे होत नाही. पोथीतील एकेका आज्ञेला जनुक म्हणतात. अमुक जनुक कोणते काम करते हे निश्चित जाणण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ते बंद करून किंवा नवे घालून रोपात काय फरक पडतो ते पाहणे. यालाच जनुकीय रूपांतरण म्हणतात. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, रूपांतरण ही प्रथमतः निसर्गाला प्रश्न विचारण्याची रीत आहे. बाजारात नवे बियाणे आणणे ही तिची फार पुढची, आणि अगदी वेगळी, पायरी होय.

ही रीत निसर्गाकडूनच उचललेली आहे. झाडांच्या बुंध्याशी गाठी आणणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू आहे. त्याची ओळख १९०७ साली पटली. हा जिवाणू जखमेतून शिरून आपल्या वंशपोथीचे एक पान झाडाच्या पेशीत घुसवितो, हे १९७७ साली सिद्ध झाले. शास्त्रज्ञांनी त्या पानावरील गाठ आणणारा मजकूर खोडून तेथे आपल्याला हवा तो लिहिला, आणि १९८३ साली तंबाखूची अशी पहिली रोपे तयार झाली.

परंतु तृणधान्ये दाद देईनात. हा जिवाणू गवतांच्या वाटेस सहसा जात नाही. शिवाय नवे जनुक शिरलेल्या एका पेशीपासून सबंध रोप उभे करावे लागते. केळीची टिश्यू कल्चरची रोपे आपल्या शेतकरी बांधवांच्या परिचयाची आहेत. राळ्याचे कामही त्याच जातीचे, पण अधिक कटकटीचे. कोवळे कणीस किंवा बियातील अंकुर घेऊन त्यापासून पेशींचा गोळा वाढवावयाचा, त्याला जिवाणूंच्या सान्निध्यात ठेवावयाचे, ज्या पेशींत जनुक शिरले नाही त्या औषधाने मारून काढावयाच्या, आणि उरलेल्यांना आधी कोंब व मग मुळे फुटेपर्यंत जपावयाचे. एवढे करूनही एक वाण प्रतिसाद देतो आणि दुसरा देत नाही. चिनी संशोधकांना २००५ च्या सुमारास यात यश येऊ लागले, पण हाती लागणारी रोपे फार थोडी असत.

यातून मोठी वाट निघाली ती २०२० साली, शान्शी कृषी विद्यापीठात. तेथील संशोधकांनी जिंगू २१ या प्रसिद्ध वाणाच्या बियांवर रासायनिक प्रक्रिया केली आणि त्यांतून एक बुटके, उतावळे रोप निवडून काढले. मूळ वाणाला कणीस येण्यास ८२ दिवस लागत, तर हे रोप ३९ दिवसांत निसवते आणि सुमारे दोन महिन्यांत पिकते. त्यामुळे वर्षाकाठी पाच-सहा पिढ्या निघतात. त्यात जनुक घालण्याचे शंभर प्रयत्न केले तर सरासरी तेवीस सफल होतात. त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘शाओमी’, म्हणजे चिनी भाषेत राळ्याचा दाणा.

अशा साधनाने काय कळते, याचे एकच उदाहरण देतो. रानगवताचे दाणे पिकताच गळतात. राळ्याचे मात्र कणसात टिकतात. याचे कारण काय? अमेरिकेतील संशोधकांनी हिरव्या राळ्याच्या सुमारे सहाशे नमुन्यांची तुलना करून एका जनुकावर बोट ठेवले, आणि रानगवतातील ते जनुक प्रयोगशाळेत बिघडवून पाहिले. दाणे गळणे कमी झाले! हे २०२० साली प्रसिद्ध झाले. राळ्यातील तेच जनुक मुळी निकामी झालेले आहे. म्हणजे ज्या अज्ञात स्त्रीपुरुषांनी न गळणारी कणसे वेचून पुढच्या पेरणीस ठेवली, त्यांनी हजारो वर्षांपूर्वी जी निवड केली तिचा खुलासा आज होत आहे.

भगिनींनो आणि बंधूंनो, कोणी विचारील, हा बदललेला राळा उद्या आमच्या ताटात येणार काय? आपल्या देशात शेतकऱ्यांनी व्यापारी प्रमाणावर लावलेले असे पीक म्हणजे २००२ साली परवानगी मिळालेला बीटी कापूस होय. वांग्याला २०१० साली स्थगिती मिळाली. राळ्याची तर तशी वेळच आलेली नाही. ती आली तर परागकणांवाटे नवे जनुक रानटी सोयऱ्यांत जाईल काय, बियाण्याची मालकी कोणाची, हे प्रश्न कसोशीने विचारले पाहिजेत. पण तेवढ्यासाठी प्रयोगशाळेतील ज्ञानाकडे पाठ फिरविणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

खरी चिंता निराळीच आहे. प्रयोगशाळा जनुकाचा अर्थ लावील, परंतु जनुकांची विविधता निर्माण केली ती शेतांनी. अवर्षणात तगणारा, मुरमाड जमिनीत येणारा एखादा गावठी वाण पेरणीतून सुटला आणि त्याचे बी किडले, तर त्याच्याविषयी प्रश्न विचारण्याचीही सोय उरत नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅटच्या बीजपेढीत राळ्याचे दीड हजारांहून अधिक नमुने जतन केले आहेत. पण पेढीत ठेव ठेवणारा कोणी असेल तरच पेढी भरते.

म्हणून आमची विनंती दोन प्रकारची आहे. ज्यांचे गाव व शेत सुटलेले नाही त्यांनी घरी जुन्या राळ्याचे बी असल्यास ते सुकवून ठेवावे, त्यावर गावाचे नाव, वाणाचे नाव व साल लिहावे, एक वाफा दरवर्षी पेरावा, आणि मूठभर नमुना जवळच्या कृषी विद्यापीठाकडे द्यावा. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेव करण्याचा हक्क दिला आहे, आणि स्वतःचा वाण नोंदविण्याची सोयही केली आहे. तिचा लाभ घ्यावा. कोणता वाण कोणत्या जमिनीत येतो, हे ज्या आजीबाईंना ठाऊक आहे त्यांच्या तोंडून ते याच वर्षी लिहून घ्यावे.

दुसरी विनंती आज ज्यांचा सत्कार झाला त्या विद्यार्थ्यांना. वैद्यकी व अभियांत्रिकी यांच्याइतकाच मान वनस्पतिशास्त्रालाही आहे. तुमच्यापैकी एखाद्याने किंवा एखादीने काचेच्या बशीतून राळ्याचे एक रोप उभे करावे, आणि त्या रोपाचे बी आपल्याच एखाद्या गावच्या बांधावरून गेलेले असावे, अशी आमची इच्छा आहे.