टँकरचा वेग कुणाच्या सोयीनं?

हवेत इंधन भरणं म्हटलं की वैमानिकाचा नेम डोळ्यांपुढे येतो. टँकरमागे तरंगणारा लांब होज, त्याच्या टोकाचं बास्केट आणि त्यात प्रोब बसवणारं विमान. सिम्युलेटरवर हा सराव करणारे तरुण नेम चुकला की स्वतःच्या हाताला दोष देतात. माझं म्हणणं आहे, आधी टँकरचा वेग तपासा.

प्रत्येक विमानाला एक किमान वेग असतो. त्याखाली पंख पुरेशी उचल देत नाहीत. इंजिनाच्या ताकदीनं ठरणारी वरची मर्यादाही असते. टँकर आणि इंधन घेणारं विमान, दोघांनाही झेपेल असा वेग शोधायचा असतो, आणि तो पट्टा कधी कधी फार अरुंद असतो. ए-10 विमानाला वेगमापक यंत्रावरचे दोनशे-सव्वादोनशे नॉट मानवतात, एफ-16 ला तीनशेच्या आसपास. एकच केसी-135 टँकर दोघांना इंधन देतो, पण वेग बदलून. हेलिकॉप्टरसाठी तर जेट टँकर चालतच नाही. तिथे पंख्यांचं एचसी-130 फ्लॅप उतरवून सव्वाशे नॉटच्याही खाली येतं, आणि मंद वेगातही होज ताणून धरणारं मोठं बास्केट वापरतं.

पट्टा उरलाच नाही तर? 1982 साली फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिशांपुढे हाच पेच होता. व्हिक्टर हा जेट टँकर, आणि मागे पंख्यांचं, वजनानं जड झालेलं हर्क्युलीस. व्हिक्टरचा सर्वांत कमी वेगही हर्क्युलीसला सरळ उड्डाणात गाठता येईना. मग दोघंही जोडलेल्या अवस्थेत हळूहळू खाली उतरत राहिले. उताराचा वेग हर्क्युलीसच्या मदतीला आला. 1950च्या दशकात अमेरिकेत केसी-97 आणि बी-47 यांनी हीच युक्ती उलट्या कारणासाठी केली होती. तिथे टँकर हळू होता, बाँबर वेगवान. मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वैमानिकी शहाणपण इथे दिसतं.

आता सिम्युलेटरकडे येऊ, पण आधी एक खरं उदाहरण. 10 सप्टेंबर 2018 ला आपल्या तेजसनं आयएल-78 टँकरकडून पहिल्यांदा हवेत इंधन घेतलं. उंची 20,000 फूट, वेग 270 नॉट, इंधन 1,900 किलो. हा 270 यंत्रावरचा वेग धरून हिशेब करू. त्या उंचीवर हवेची घनता जमिनीजवळच्या जेमतेम निम्मी असते, म्हणून हवेतून जाण्याचा खरा वेग साडेतीनशे नॉटच्या वर जातो. काही सिम्युलेटरांत मात्र टँकरचा वेग भरायच्या चौकटीत जमिनीवरचा, म्हणजे जमिनीच्या तुलनेतला, वेग द्यावा लागतो. त्या चौकटीत कुणी सरळ 270 भरलं, तर वारा नसताना टँकर यंत्रावर सुमारे 200 नॉटनंच उडेल. मागचं विमान नाक वर करून धडपडेल, थ्रॉटलला प्रतिसाद मंद वाटेल, आणि मुलगा म्हणेल, मला जमत नाही! त्यात वारा आला की आणखी घोटाळा. टँकर लंबगोल मार्गावर फिरतो. जमिनीवरचा वेग कायम ठेवला, तर जाताना आणि येताना यंत्रावरचा वेग वेगळा होतो.

वजनाचीही गोष्ट आहे. इंधन भरतं तसं मागचं विमान जड होतं आणि त्याच वेगासाठी जास्त जोर मागतं. एसआर-71 चे वैमानिक टाक्या भरत आल्या की एका इंजिनाचा आफ्टरबर्नर पेटवायचे. म्हणून सरावाचा वेग ठरवताना रिकामं विमान नव्हे, टाक्या भरलेलं विमान धरा. उंची पाहून यंत्रावरचा वेग खऱ्या वेगात बदला, चौकट जमिनीवरचा वेग मागत असेल तर वाराही मोजा. जोडणीच्या क्षणी दोघांतला फरक तीनेक नॉटचाच असावा. फार जोरात आलात तर होज सैल पडून फटका मारतो, फार हळू आलात तर झडपच उघडत नाही. आणि एकदा जोडणी झाली की टँकरचा वेग बदलू नका. वळण घ्यावं लागलंच तर ते सावकाश घ्या.