शेवटचा १ कुठे गेला?

आज मोताळ्यातून बोलतोय. इअरफोन राहू द्या कानात, पण वही-पेन घ्या. स्टँडवर मलकापूरची एसटी येईपर्यंत होईल एवढंच काम आहे.

लिहा १११११११११, म्हणजे नऊ वेळा १. आता याला यानंच गुणा. शाळेतल्यासारखं, एकाखाली एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. नऊच्या नऊ ओळी सारख्याच. बेरजेला उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्यात नऊ, मग पुन्हा उतरण. हातचा कुठेच नाही. उत्तर: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक!

दहा वेळा १ घेतलात तर मधे १० येतात, हातचा चढतो आणि नक्षी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमधून बीएस्सी, मग १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही. कल्पना सुचली ती डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर, म्हणून हे नाव. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं. त्यांच्या ६१७४ च्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. मला मात्र ही सतरा अंकी जास्त आवडते.

कारण हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि हिला ८१ ने पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना कापरेकर ‘हर्षद’ म्हणायचे, आनंद देणाऱ्या. कारण सोपं आहे: नऊ एकांची बेरीज ९, म्हणून मूळ संख्येला ९ ने भाग जातो, तर वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकारही वर्गच निघतो, १२३४५६७९ चा. यात ८ गायब आहे, बघितलंत?

आता खरी गंमत. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हाच गुणाकार करा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटचा १ गेला! जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्ण संख्या धरू शकत नाही. तिथून पुढे काही अंतर फक्त सम संख्याच बसतात, विषम आली की शेजारच्या समवर ढकलली जाते. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही.

समजा अर्ज क्रमांक सतरा अंकी आहेत. एका पोरीचा ३२० ने संपतो, दुसरीचा ३२१ ने, बाकी अंक तेच. कोड लिहिणाऱ्यानं ते नंबर म्हणून ठेवले, तर ब्राउझरला दोघी एकच. मग स्कॉलरशिप कोणाच्या नावावर दिसेल? म्हणून आयडी नेहमी स्ट्रिंगमध्ये ठेवा, त्याची बेरीज-वजाबाकी कोण करतंय!

आणि खरंच गणित करायचं असेल तर बिगइंट वापरा. दोन्ही आकड्यांच्या शेवटी इंग्रजी छोटा एन लावा, एंटर मारा. सतराच्या सतरा अंक येतात, शेवटच्या १ सकट.